मागच्या सीटवरचं शहाळं

आमचे घरमालक पायी चालतानासुद्धा वळण्याआधी हात दाखवत. जामसंड्याच्या बाजारात डाव्या हातात पिशवी, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर, मागे एक नजर आणि मग किराणा दुकानाकडे वळण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मलाच बोलावताहेत. मी भर उन्हात धावत गेले.

"काय काका?"

"काय नाय. वळतंय," ते म्हणाले आणि वळले.

तेव्हा मी चांगलीच चिडले होते. पण पुढे चार वर्षं त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहिले आणि त्या हाताची सवय झाली. काकींना मात्र ती कधीच झाली नाही. झोपेत कूस बदलतानाही हा हात बाहेर येतो आणि नेमका आपल्या नाकावर आपटतो, अशी त्यांची तक्रार होती.

काका चाळीस वर्षं मुंबईत एका बड्या शेठकडे ड्रायव्हर होते. स्वतः ते तसं कधी म्हणत नसत. "गाडी आमच्या ताब्यात होती," असं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की शेठच यांच्याकडे मागून नेत होता. निवृत्त झाल्यावर जामसंड्याला परत आले, घराच्या मागे दोन खोल्या वाढवल्या आणि त्या भाड्याने दिल्या. मी घाटावरची, इथल्या शाळेत मराठी शिकवायला आलेली. खोल्या बघायला गेले त्या दिवशी काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये अंगणात उभे राहून मऊ फडक्याने सायकल पुसत होते. घरात चार चाकांचं काही नव्हतं, पण पुसण्याची वेळ चुकली नव्हती.

कुणी भेटून जायला निघालं की काका फाटकापर्यंत येत आणि रिक्षाचं दार उघडून धरत. रिक्षाला दार नसतं, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने किरकोळ होती. ते वाकून हात पुढे करत, पाहुणा बसला की एक पाऊल मागे सरत. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला एवढा संकोचायचा की पाहुण्याला न घेताच एकदा निघून गेला होता.

एसटीतही त्यांचं निराळंच. अगदी पुढच्या, समोरचा रस्ता दिसेल अशाच सीटवर बसायचे. ती रिकामी नसली की गाडी सोडून द्यायची. कणकवलीच्या एका लग्नासाठी त्यांनी अशा तीन गाड्या सोडल्या आणि मंडळी हात धुऊन पान खात होती तेव्हा पोचले. मला हा ड्रायव्हरकीचा माज वाटायचा. तसं मी काकींना एकदा बोलूनही दाखवलं. त्या नुसत्या हसल्या. खरं कारण त्यांनाही माहीत नव्हतं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या वर्षी मी जुनी, छोटी लाल गाडी घेतली आणि काकांनी मला गाडी शिकवली. त्यांची पद्धत जगात दुसरीकडे कुठे नसेल. काका पुढे माझ्या डावीकडे. काकी मागे, मांडीवर तोंड छाटलेलं काठोकाठ भरलेलं शहाळं धरून. देवगडच्या बंदरापर्यंत जाऊन यायचं. एक थेंब सांडला की नापास.

"गाडयेचो वेग काट्यार बघूचो नाय, बाई. शहाळ्यात बघूचो," ते सांगत. "पाठी बसलेल्या माणसाक गाडी थांबली ती कळता कामा नये. तेका वाटाक व्हया, गावच आपणहून जवळ इलो."

मी अकरा वेळा नापास झाले. अकरा वेळा काकींची साडी भिजली. प्रत्येक वेळी परत आल्यावर काका उतरून मागचं दार उघडत, भिजलेल्या साडीकडे बघत आणि एकच शब्द बोलत, "नापास." वर्गात मी पोरांना जो शब्द सहज वापरत होते, तो स्वतःच्या कानांवर पडला की किती झोंबतो, ते मला चाळिशीच्या तोंडावर कळलं. बाराव्या वेळी साडी कोरडी राहिली आणि शहाळं काठोकाठ भरलेलंच परत आलं. काकींनी ते उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. ड्रायव्हरने बाजूला बघायचं नाही. उजवीकडे समुद्र असो, मागे मालक असो, डोळे रस्त्यावर आणि आरशांत. शेठचं कुटुंब दर थंडीत कोकणात यायचं आणि एक अख्खा दिवस किनाऱ्याने सहल करायचं. सकाळी कुणकेश्वर, दुपारी आचरा, संध्याकाळी तारकर्ली. काकांनी ती सहल कितीतरी वेळा घडवली. कुठे काय खाल्लं, सुरमईच्या किती तुकड्या कुणाच्या पानात पडल्या, शेठाणीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कशा आवडायच्या, सगळं तोंडपाठ. पण मिठबावजवळ समुद्र कसा दिसतो असं विचारलं तर म्हणायचे, "आवाज येता. बघूक गावलो नाय."

जेवायला मालकमंडळी पुढच्या पडवीत बसत आणि काका मागच्या दारी, चुलीपाशी. याची त्यांना अजिबात खंत नव्हती. उलट हळूच सांगायचे, "शेठाक सुरमय वाढीत, आमका पेडवे. इवलेसे मासे, कांटे फार म्हणान पावण्यांक देवचे नाय. पण त्या तिखल्याची चव सुरमयेक नाय. चाळीस वर्सां शेठाक पत्तो लागांक दिलंय नाय." आणि मग अगदी समाधानाने हसायचे.

गाडीतल्या जागांचा एक पक्का नकाशा त्यांच्या डोक्यात होता. मागे मालक बसतो. पुढे ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारी नोकर, नाहीतर भाजीची पिशवी. मला शिकवताना ते शेजारी बसत तेही नोकर म्हणूनच. या नकाशापायी त्यांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली होती. ती काकींनी मला वाल सोलता सोलता सांगितली.

लग्नानंतर काकी पहिल्यांदा मुंबईला गेल्या तेव्हा शेठने एक दिवस गाडी दिली, बायकोला मुंबई दाखव म्हणून. काकांनी काय करावं? गणवेश चढवला, टोपी घातली, मागचं दार उघडून बायकोला आत बसवलं आणि स्वतः पुढे बसून दिवसभर गाडी चालवली. मालकाच्या गाडीत बाईमाणसाने पुढे बसायचं नाही, लोक काय म्हणतील! वाटेतले लोक काकींकडे शेठाणी म्हणून बघत होते, आणि काकी नवऱ्याच्या मानेकडे.

"गो बाय, नवी न्हवरी मी. त्येंचा त्वांड अजून धड बघूक नाय होता," काकी म्हणाल्या. "मान मात्र पाठ झाली. उजव्या कानाखाली तीळ आसा."

त्या दिवशी घरी परतल्यावर त्या रडल्या. तेव्हा काकांनी शब्द दिला की निवृत्त झालो की अशाच मोठ्या गाडीतून तुला किनाऱ्याने फिरवीन, शेठ करायचे तीच सहल, तेच खाणं, आणि मी तुझ्या शेजारी मागे बसेन. निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली होती. कधी कौलं शाकारायची होती, कधी आंब्यावर फवारणी. मग काकींचा गुडघा गेला आणि सहलीचा विषयच निघेनासा झाला. पण माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि जानेवारीत त्या काठीशिवाय तुळशीपर्यंत जाऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "गुडघो नवो गावलो. आता गाडी खंय आसा?"

त्या बाईने उभ्या आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ते काकांनाही ठाऊक होतं.

दोडामार्गला त्यांचा भाचा राहतो. गोव्याच्या पाहुण्यांसाठी आणि लग्नांसाठी मोठ्या गाड्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. शनिवारी संध्याकाळी तो एक काळी, लांब, आरशासारखी चकाकणारी गाडी अंगणात लावून गेला. "मीच चालवतंय मामा," असं म्हणत होता. काकांनी त्याला वाटेला लावलं. "तो ब्रेक मारता काय नारळ फोडता, तेचा तेकाच ठावक नाय. बाई, गाडी तुमी चालवच्यात." मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

रविवारी सकाळी, माशाचा वार बघून, आम्ही निघालो. चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि काकांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे घाटावर नुसता नारळ फोडतात. इथे देवाला आधी सविस्तर सांगावं लागतं, आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा असतो.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान बायलेक दिल्लो शब्द पाळूक आज गाडी काढल्यान हा. गाडयेक आणि बाईंच्या हातापायांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि काकी.

"वाटेतल्या कुत्र्या-मांजरांक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पोटातला पोटातच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं, पण हे शेवटचं मागणं काय ते काही आम्हाला कळलं नाही.

गाडी कसली, चालती बैठकीची खोली होती. वरचं काचेचं छप्पर सरकायचं. सीट मागे रेलायची आणि बटण दाबलं की पाठ चेपायची. ते बटण काकींच्या कोपराने दाबलं गेलं. "गो बाय, माज्या पाठीत कोणतरी बोटां घालता!" त्या ओरडल्या. समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "मगे ऱ्हवांदे. बरा वाटता."

काका काकींच्या शेजारी बसले होते, नवा सफारी घालून. मी आरशात बघत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. प्रत्येक वळणाला उजवा पाय खालच्या गालिच्यावर ब्रेक शोधत होता. काकी त्यांच्याकडे वळून काही बोलल्या की ते "हां, हां" म्हणत आणि डोळे मिटत. मला वाटलं, माझं चालवणं बघवत नसेल. खाडीवरचा पूल गेला, पुढची वळणं आली, आणि कुणकेश्वरला मी गाडी थांबवली तोच काका दार उघडून सुरूच्या झाडांमागे धावले.

परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. चूळ भरताना सफारीचा खिसा भिजला होता.

"माका पाठी बसला काय गाडी लागता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ल्हानपणापासना. म्हणान तर ड्रायव्हर झालंय. फुडे बसला काय काय होणा नाय."

चाळीस वर्षं ज्याच्या गाडीत कुणाच्या पोटातलं पाणी हललं नाही, त्या माणसाला गाडी लागते! मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी सोडून दिलेल्या त्या तीन एसट्या आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. काकी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं. पन्नास वर्षांच्या संसारात माणसाने एवढंच काय ते लपवलं होतं.

"काका, तुम्ही चालवा, मी मागे बसते," मी म्हटलं.

"नाय. शब्द दिल्लंय," असं म्हणून ते पुन्हा मागे जाऊन बसले.

कुणकेश्वरला ओळखीच्या घरी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस सांगून ठेवला होता. काकांनी वाटीला हात लावला नाही. ते खात नाहीत म्हणून काकींनी अर्धंच खाल्लं. पुढे मिठबावपर्यंत काका नाकाशी लिंबू धरून बसले होते. उजवीकडे सगळा समुद्र उघडा पडला होता, माडांच्या मधून मचवे दिसत होते, आणि मागच्या सीटवर एकाचे डोळे मिटलेले आणि दुसरीचे त्या मिटलेल्या डोळ्यांवर. मी दोनदा गाडी थांबवली. दोनदा काका उतरले आणि दोनदा परत येऊन बसले. एवढी थाटाची गाडी, एवढी वाट बघितलेली सहल, आणि मला वाटत होतं की आपण कुणाला तरी दवाखान्यात नेत आहोत. त्या हट्टाचा मला राग येत होता आणि त्या माणसाची दयाही येत होती.

आचऱ्याला शेठ जिथे जेवायचे तेच घर. सांभाळणाऱ्या वयनी म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण काकांना त्यांनी लगेच ओळखलं. "आज पुढल्या पडवीत काय ओ? सायेब झालास?" पानं मांडली. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, आणि खास काकांसाठी वाटीभर पेडव्यांचं दाट, झणझणीत तिखलं. काकांनी सोलकढीचा एक घोट घेतला आणि पान पुढे सारलं. अजून मालवण, अजून तारकर्ली, आणि मग परतीचा तेवढाच रस्ता होता. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

काकींनी क्षणभर त्या पानाकडे बघितलं. मग उठल्या, हात धुतले आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे चालू लागल्या. नवा गुडघा जपत, पण थेट. त्यांनी पुढचं डावं दार स्वतःच उघडलं आणि आत बसल्या.

काका पडवीच्या कठड्याशी धावले. "गो, थंय खंय बसतस? थंय नोकर बसता!"

"मगे नोकर तर नोकर," काकी आतून म्हणाल्या. "तुमका बाजूक बसाक सांगितलंय. पाठीच बसाक कोणी सांगितल्यान? ती जागा तुमच्या शेठाची. माका मान बघून पुरे झाली. बाईंकडची चावी घेवा आणि जेवून येवा."

चाळीस वर्षांचा नकाशा एका माणसाच्या डोक्यात उलटापालटा होत होता, त्याला थोडा वेळ लागणारच. मग ते माझ्याकडे वळले, वळण्याआधी हात दाखवून, आणि तो हात तसाच किल्लीसाठी पुढे आला. मी किल्ली दिली.

"वयनी," ते म्हणाले, "ती पेडव्यांची वाटी खंय गेली?"

दोन वाट्या तिखलं आणि मोजल्या नाहीत एवढ्या भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या. काकींचं पान वयनी गाडीतच घेऊन गेल्या. काकींनी पुढच्या सीटवर, मांडीवर ताट घेऊन, सुरमई काट्यापर्यंत साफ केली. निघताना वयनींनी एक शहाळं छाटून माझ्या हातात दिलं.

मागे आता मी एकटी. पाठ चेपणारं बटण मी निर्लज्जपणे दाबलं. काकांनी मांडीवरच्या शहाळ्याकडे आरशातून बघितलं, भुवई किंचित वर केली आणि गाडी सुरू केली.

गाडी चालवणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. चढ कधी आला, वळण कधी गेलं, समजलंच नाही. मालवणच्या बाजारात रविवारच्या पर्यटकांची खच्चून गर्दी होती. काका त्यातून कुणालाही न दुखावता, हॉर्न न वाजवता बाहेर पडले. वाटेत गुळात घोळलेला खाजा घेतला. शहाळ्यातलं पाणी काठाशी येऊन तिथेच थांबत होतं. काकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता, आणि मी पुन्हा त्यांची विद्यार्थिनी झाले होते.

तारकर्लीचा रस्ता लागला. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. काकी डावीकडे. त्यांना समुद्र बघायचा तर काकांच्या तोंडावरूनच बघावा लागत होता. सुरूच्या मधून पाणी चमकत होतं, दोराने ओढलेल्या छत्र्यांतून माणसं हवेत तरंगत होती. काकी सगळं सांगत होत्या. "थंय बघा, होडयो परत येतत. थंय पोरगी पाण्यात पडली, हसता हा." काका रस्त्यावरून नजर न काढता "हां" म्हणत होते. मग काकी बोलायच्या थांबल्या. समुद्राकडे वळलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं, पण त्या आता समुद्र बघत नव्हत्या.

"ओ," त्या म्हणाल्या, "तुमी ह्या बाजून बरे दिसतास."

काकांनी डावीकडे बघितलं.

गाडीला अगदी बारीक हिसका बसला, आणि माझ्या मांडीवर गार पाण्याचा लोंढा आला.

काकांनी गाडी कडेला घेतली. उतरले, वळसा घालून आले, मागचं दार उघडलं. माझ्या भिजलेल्या साडीकडे बघत उभे राहिले. आता काका तो शब्द उच्चारतील म्हणून मी वाट बघत होते, पण तो पुढून आला.

"नापास!" काकी ओरडल्या आणि एवढ्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. "फुडच्या आयतवारी परत परीक्षा!"

पुढच्या रविवारी काका माझी लाल गाडी मागायला आले. दोघंच गेले. दिवेलागणीला किल्ली द्यायला काका दारात उभे राहिले तेव्हा सदऱ्याच्या बाहीला वाळू लागली होती.

"मग? पास का?" मी विचारलं.

काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "शहाळा न्हेलाच नाय," ते म्हणाले, आणि वळले. हात दाखवायला विसरले.